खुणा केलेला जाहीरनामा

सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी आबाराव सुरवसे बोरलग्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिरले. शनिवार होता, जिल्हा परिषदेच्या मतदानाचा दिवस. तिसरी-चौथीच्या खोलीत केंद्र होतं. त्यांनी खिडकीजवळचा बाक ओढून भिंतीला लावला, त्यावर मतदार यादी ठेवली, चष्मा उपरण्याच्या टोकाला पुसला आणि केंद्राध्यक्षांपुढे मतदान प्रतिनिधीचा फॉर्म धरला. खाली उमेदवाराची सही होती. मुरूम गटाचा उमेदवार म्हणजे रणधीर, तिथले जुने पुढारी कृष्णराज अण्णा यांचा मुलगा.

"वय काय बाबा तुमचं?" केंद्राध्यक्षांनी विचारलं. ते परगावचे मास्तर होते.

"सत्तर. डोळ्यानं जरा कमी दिसतंय, पन यादी पाठ हाय."

प्रतिनिधी म्हणून ही त्यांची एकविसावी निवडणूक. पहिली १९९५ची. तेव्हापासून लोकसभा असो, विधानसभा असो की जिल्हा परिषद, बोरलग्यात अण्णांच्या पक्षाच्या बाकावर दुसरं कोणी बसलेलं नाही. या वेळी फरक एवढाच होता की ज्याच्या सहीवर ते बसले होते, त्याला ते मत देणार नव्हते. हे त्यांनी बुधवारी रणधीरना तोंडावर सांगितलं होतं.

बोरलगा मुरूमपासून नऊ किलोमीटर. सहाशे बारा मतदार, वाटेत एक ओढा, एकोणीस मुलांची शाळा. आबाराव मुरूमच्या बाजारात तीस वर्षं मापाडी होते. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढवायचं आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं काम. शेतकरी आणि व्यापारी दोघेही मापाड्याच्या तोंडाकडे बघत असतात. मापाड्यानं दोघांकडेही बघायचं नसतं. आबारावांनी पुकारलेलं वजन कुणी दुसऱ्यांदा करायला लावलं नाही. मतदानात मात्र त्यांनी कधी काटा लावला नव्हता. तिथं ते अण्णांचे होते.

त्याला कारण होतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपानं गावातली मातीची माळवदं खाली बसली. आबारावांची आई धुरपदाबाई आतल्या खोलीत होती. सकाळी आठच्या सुमाराला मुरूमहून अण्णा ट्रॅक्टर, पहारी आणि बारा माणसं घेऊन आले. कुणाचं घर आधी, कुणाचं नंतर, असं न विचारता ते पहिल्या ढिगापासून सुरू झाले. साडेअकराला धुरपदाबाई चौकटीच्या लाकडाखाली जिवंत सापडली. तोंडातली माती थुंकून तिनं पहिला प्रश्न विचारला तो शेळीचा. अण्णा ही गोष्ट पुढं पंचवीस वर्षं सांगत राहिले आणि दर वेळी तितकेच हसत राहिले.

धुरपदाबाई त्यानंतर चौदा वर्षं जगली. प्रत्येक मतदानाला रांगेत पहिली असायची. सून मथुराबाई तिच्या मागं, आणि आबाराव आत बाकावर.

तेव्हा मतपत्रिका होत्या. शिक्क्याची शाई बोटांना लागायची, घडी चुकली की मत बाद व्हायचं. संध्याकाळी पेटीला लाख लावताना खोलीभर जळका वास पसरायचा. दुपारी दोन्हीकडचे प्रतिनिधी एकाच फडक्यावर भाकरी सोडत, शेंगाची चटणी अर्धी अर्धी करत, आणि हात धुऊन पुन्हा एकमेकांच्या मतदारांवर आक्षेप घ्यायला बसत. चारच्या सुमाराला अण्णांची जीप शंभर मीटरच्या रेषेबाहेर उभी राहायची. अण्णा खाली उतरून गावाची विचारपूस करत. किती मतं पडली हे त्यांनी मतदान संपायच्या आधी कधी विचारलं नाही. २०१८ साली अण्णा गेले. त्यांच्या मातीला बोरलग्यातून दोन ट्रॅक्टर गेले होते. आबाराव पहिल्या ट्रॅक्टरमध्ये होते.

हा सगळा हिशोब एका प्रश्नानं हलला. प्रश्न दीपमालानं विचारला होता.

दीपमाला गावातली डी.एड. झालेली सून, समोरच्या पक्षाची प्रतिनिधी. तिची ही पहिलीच निवडणूक. यादी कशी तपासायची हे तिला आबारावांनीच शिकवलं होतं. त्यांच्या तीन खुणा होत्या. मत पडलं की बरोबर. पुण्याला, भिवंडीला किंवा ऊसतोडीला गेलेल्याला गोल. मयताला फुली. जानेवारीत एका दुपारी शाळेच्या ओट्यावर दोघं आपापल्या याद्या घेऊन बसले असताना ती म्हणाली,

"आबा, एक विचारू का? राग नका धरू."

"इचार की."

"तुमच्या पक्षाचा जाहीरनामा वाचला का?"

"वाटला की. दीडशे घरं केली दोन दिसांत."

"वाटला ते बघितलं मी. वाचला का?"

आबारावांनी क्षणभर विचार केला. "न्हाय."

"आणि आमचा?"

"तुमचा म्या कशाला वाचू?"

"मग कळतं कसं, कुणाचा बरा ते?"

"कळायचं काय त्यात? आपला तो आपला."

 तिनं एका मयताच्या नावावर फुली मारली आणि पान उलटलं. ती वाद घालती तर आबारावही भांडले असते आणि विषय तिथंच संपला असता. ती गप्प बसली, म्हणून ते घरी गेले आणि फळीवरचे डबे उतरवायला लागले.

"अवं, दिवाळी कवाच झाली. डबे कशापायी काढताव?" मथुराबाई चुलीपासून उठून आल्या.

"कागद पायजेत."

"कसले कागद?"

"डब्याखालचे."

जाहीरनाम्याचा कागद जाड असतो. वाटून उरलेल्या प्रती आबाराव घरी आणत आणि मथुराबाई त्या फळीवर अंथरत. नवी निवडणूक आली की जुन्यावर नवा. सत्त्याण्णवपासूनचा पक्ष तिखट-मिठाच्या डब्यांखाली एकावर एक झोपलेला होता. तळातल्या कागदावर तेलाचे गोल डाग होते, पण अक्षरं वाचता येत होती.

आबारावांनी त्यातले जिल्हा परिषदेचे पाचही जाहीरनामे जमिनीवर ओळीनं मांडले आणि शेजारी या वेळचा ठेवला. खुणा त्यांना एकाच प्रकारच्या येत होत्या, त्याच त्यांनी केल्या. झालेल्या कामाला बरोबर. अर्धवट सोडून निघून गेलेल्याला गोल. कधीच न होणाऱ्याला फुली. आरोग्य उपकेंद्राला बरोबर पडलं. मुरूमच्या डांबरी रस्त्याला बरोबर. नळाच्या टाकीला गोल. मग ओढ्यावरचा पूल आला. सत्त्याण्णवच्या कागदात पूल होता. दोन हजार दोनच्या होता. सातच्या होता. बाराच्या नव्हता, सतराच्या पुन्हा होता. या वेळच्या जाहीरनाम्यात तो शोधून सापडला नाही. त्या जागी नवं कलम होतं : कमी पटाच्या शाळा एकत्र करून मुरूमला मोठी शाळा, मुलांना मोफत बस.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दीपमालाकडून तिच्या पक्षाचा जाहीरनामा मागून घेतला. तिथं लिहिलं होतं की वीसच्या आतल्या पटाचीही शाळा गावातच राहील आणि तिला दोन शिक्षक कायम राहतील. पुलाचं नाव त्यातही नव्हतं. त्यावर खूण कुठली करायची हे आबारावांना कळेना, कारण त्या पक्षाची गटात कधी सत्ताच आली नव्हती. पुढचे आठ दिवस ते दोन्ही कागद खिशात घालून हिंडले. उपकेंद्राबद्दल दोघांनी जवळपास सारखंच लिहिलं होतं. रस्त्यांचंही तेच. शेवटी फरक शाळेपाशी येऊन थांबत होता.

धोंडप्पाच्या हॉटेलात ही बातमी आधी पोचली. धोंडप्पा त्यांच्याच वयाचा, कढईतून भजी काढता काढता म्हणाला, "काय आबा, आता वाचून मत टाकणार म्हनं? लगीन बी आसंच वाचून केलतं का?"

"पत्रिका बघूनच केलं. म्हून तर टिकलं."

"अन् खाल्ल्या मिठाचं काय?"

गिऱ्हाईकं हसली. आबारावांनी चहा अर्धा ठेवला आणि ते उठले. टोमणा धोंडप्पानं चेष्टेत मारला होता. घरी मथुराबाईंनी तोच प्रश्न चेष्टा न करता विचारला.

"ज्यानं आत्याबाईंला मातीतनं काढलं, त्याच्या लेकाला मत न्हाय?"

"अण्णा असते तर त्यास्नी बी हेच सांगितलं असतं."

"अण्णा असते तर तुमी डबे उतरवलेच नसते," मथुराबाई म्हणाल्या.



बुधवारी दुपारी रणधीर फॉर्म घेऊन आले. पन्नाशीचे, शेतकी पदवीधर, वडिलांसारखेच हळू बोलणारे. मथुराबाईंनी चहा दिला. रणधीरनी खिशातून पेन काढलं, तेव्हा आबारावांनी फॉर्मवर हात ठेवला.

"रणधीरराव, सही करायच्या आधी एक बोलायचंय. ह्या टायमाला गटाचं मत म्या तुमाला देणार न्हाय."

रणधीर हसले. मग आबारावांच्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. "काय चुकलं आमचं, आबा?"

"चुकलं काय न्हाय. हे वाचलं."

रणधीरनी खुणा केलेला जाहीरनामा हातात घेतला. समासात आबारावांनी पेन्सिलीनं पूल लिहून त्यापुढं फुली मारली होती. "हे काय?"

"मयत. सत्त्याण्णवला जन्मला, सतरापतूर नाव यादीत व्हतं. आता तुमीच नाव कमी केलंत."

"पुलाला जिल्हा परिषदेचा निधी पुरत नाही, आबा. राज्याकडून आणावा लागतो. माझ्या हातात नाही, म्हणून खोटं लिहिलं नाही."

"हे बरं केलंत. खरंच बरं केलंत. पन मग बस कुठनं न्हेणार? गेल्या पावसाळ्यात ओढ्याच्या फरशीवरनं अकरा दिस पानी व्हतं."

"आणि आता काय चाललंय? चार वर्ग, दोन खोल्या, एक मास्तर मीटिंगला गेला की दुसरा सगळ्यांना सांभाळतो. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असेल, ग्रंथालय असेल. एकोणीस मुलांनी इथं बसून काय शिकायचं?"

"ते बी बरोबर हाय."

"मग?"

"दोन्ही बरोबर हाय. वजनात फरक पडतोय. आधी पूल अन् मग बस, आसं लिवलं असतं तर माझं मत तुमचं व्हतं. त्यांनी निदान शाळा हाय तिथं ठिवतो म्हनलंय."

"ते ठेवतील?"

"ठाव न्हाय. न्हाय ठिवली तर पुढल्या टायमाला त्यांच्या कागदावर फुली."

रणधीरनी कप खाली ठेवला. त्र्याण्णव साली ते सतरा वर्षांचे होते. त्या सकाळी ट्रॅक्टर त्यांनीच चालवत आणला होता. ते नाव न घेता म्हणाले, "आणि त्या दिवसाचं काय, आबा?"

आबारावांनी दाराकडे पाहिलं. दारात मथुराबाई उभ्या होत्या.

"ते अण्णांचं," आबाराव म्हणाले. "ते फिटणारं न्हाय. एकतीस वर्सं बाकावर बसलो, तरी फिटलं न्हाय. मतानं फिटत असतं तर कवाच फिटलं असतं."

"मग बाकावर कुणाला बसवू मी?"

"ते तुमचं तुमी बघा. म्हून तर आधी सांगितलं. उद्या कुनी दुसऱ्यानं सांगायला नको."

"दुसऱ्या कुणाला यादी पाठ आहे?"

"कुनाला न्हाय."

रणधीरनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. मग सही केली. फॉर्म आबारावांकडे दिला आणि जाताना खुणांचा कागद घडी करून खिशात घातला. न्यायचा का, हे त्यांनी विचारलं नाही. नेऊ नका, असं आबारावही म्हणाले नाहीत.

शनिवारी साडेसातला मतदान सुरू झालं. नवाच्या आत शंभरावर मतं पडली. आबाराव नाव पुकारलं की यादीत न बघता अनुक्रमांक सांगत आणि मग बघून खूण करत. दीपमाला दोनदा चुकली. दोन्ही वेळा त्यांनी बोटानं तिची ओळ दाखवली. त्यातला एक मतदार तिच्याच पक्षाचा होता.

साडेनवाला मथुराबाई आल्या. त्या दर निवडणुकीत घराच्या उंबऱ्यावर एक प्रश्न विचारत : "कितवं बटन?" मतपत्रिकेच्या काळात : "कितवं चित्र?" आज सकाळी त्यांनी विचारलं नव्हतं आणि आबारावांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी बोटाला शाई लावून घेतली, नवऱ्याकडे न बघता यंत्राभोवतीच्या पुठ्ठ्यामागं गेल्या, आणि डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर पडल्या.

दहाच्या सुमाराला धोंडप्पा रांगेतून आत आला आणि दारातूनच म्हणाला, "आबा, बसलाव कुनाच्या बाकावर अन् टाकणार कुनाला?"

"ओ काका, इथं असलं बोलायचं नाही," केंद्राध्यक्ष ओरडले.

"बोललो कुटं? इचारलं."

"विचारायचंही नाही."

पावणेबाराला गर्दी कमी झाली. आबारावांनी स्वतःच्या नावापुढं स्वतःच बरोबरची खूण केली आणि ते उठले. इतर वेळी त्यांना पुठ्ठ्यामागं चार-पाच सेकंद लागत. दीपमालानं नंतर सांगितलं की या वेळी केंद्राध्यक्षांना मान वर करून "झालं का, बाबा?" असं विचारावं लागलं.  थोड्या वेळानं यंत्र वाजलं. आबाराव परत येऊन बाकावर बसले, पाण्याची बाटली उघडली आणि न पिता तशीच बंद केली.

दुपारी दीपमालानं डबा उघडला. आबारावांनी आपला रुमाल सोडला. भाकरी होती, पिठलं होतं. तिनं तिची मेथीची भाजी अर्धी त्यांच्या भाकरीवर घातली.  खाता खाता ती म्हणाली, "आबा, पुढच्या वेळी तुम्ही आमच्या बाकावर बसा की."

"तुमचा कागद अजून कोरा हाय, पोरी," आबाराव म्हणाले. "मत दिलं म्हंजी म्या तुमचा झालो, आसं न्हाय."

साडेपाचला मतदान संपलं. यंत्राला मोहोर लागली, प्रतिनिधींनी सह्या केल्या. आता एकच काम उरलं होतं. प्रत्येक गावच्या प्रतिनिधीनं उमेदवाराला फोन करून एक आकडा सांगायचा असतो : आपली किती. कोण कुणाकडं झुकलंय, कोण नाराज आहे, कुणाच्या घरात दोन मतं फुटली, हे सगळं त्या आकड्यात धरलेलं असतं. आबारावांचा आकडा एकतीस वर्षांत पाचपेक्षा जास्त चुकलेला नाही. अण्णा इतर गावच्या प्रतिनिधींना म्हणायचे, अंदाज बांधायचा तर बोरलग्यासारखा बांधा.

त्यांनी शाळेच्या ओट्यावर उभं राहून फोन लावला. दीपमाला शेजारीच तिच्या चपला घालत होती.

"बोला आबा," रणधीर म्हणाले.

"सगळी मिळून चारशे एकाहत्तर पडली. आपली दोनशे अडुसष्ट."

आपली हा शब्द त्यांच्या तोंडून सवयीनं गेला. दीपमालानं मान वर केली.

"तुम्हाला धरून?"

"मला वगळून."

तिकडं काही आवाज झाला, कोणीतरी रणधीरशी बोलत असावं. मग ते पुन्हा फोनवर आले. "आणि काकू?"

"इचारलं न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी एकतीस वर्सं तिला आपल्यात धरत आलो. इचारलं कवाच नव्हतं." आबाराव थोडे थांबले. "ह्या टायमाला तिला कुटंच धरली न्हाय. ना इकडं, ना तिकडं. आकडा एकानं चुकला तर तेवढं समजून घ्या."

रणधीर "बरं" म्हणाले. फोन बंद झाला.

निकालाच्या दिवशी गटातल्या सगळ्या गावांचे प्रतिनिधी मुरूमच्या बंगल्यावर जेवायला असतात. निवडणूक जिंकली तरी आणि हरली तरी. अण्णांनी पाडलेला हा पायंडा रणधीरनी मोडलेला नाही. बोलावणं फोनवर येतं, मोजणीच्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला, घरच्याच माणसाकडून. रविवारी दुपारी मथुराबाईंनी आबारावांचा दर निकालाला घालायचा पांढरा सदरा धुऊन वाळत घातला.  संध्याकाळी तो इस्त्री करून खुंटीला लागला होता.

मतमोजणी सोमवारी सकाळी दहा वाजता उमरग्यात सुरू होणार आहे.